५/३८४ कुठून आलं

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात नव्याने जाऊन बसलं की पहिल्याच तासाला एक गोष्ट कळते. इथे सगळ्यांचं सगळं ठरून गेलेलं असतं. कोण कोणाशेजारी बसणार, जर्नल कोणाचं उतरवायचं, कोणत्या सरांच्या तासाला मागचा बाक धरायचा नाही, त्या उंच मुलाला सगळे नावाऐवजी भलतंच काहीतरी का म्हणतात. अख्खं वर्ष ही मंडळी एकत्र राहिली, एकत्र नापास झाली, एकत्र कोलव्याला जाऊन आली. आपण मात्र मध्यंतरानंतर नाटकाला पोचलोय.

मी लॅटरलची. दहावीनंतर अकरावी-बारावी न करता तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात. मंजूर जागांच्या वर दहा टक्के जागा आमच्यासाठी असतात. साठच्या वर्गामागे सहा. हजेरीपटावर आमची नावं आडनावांच्या क्रमात येत नाहीत, मूळ यादी संपली की खाली जोडलेली असतात. हजेरी घेताना पहिल्या वर्षापासूनची मुलं संपली की सर क्षणभर थांबायचे, पान उलटायचे आणि मग आमच्याकडे वळायचे. प्रॅक्टिकलच्या बॅचही त्याच यादीवरून पडल्या आणि आम्ही सहाही जण शेवटच्या बॅचमध्ये एकत्र आलो. एक काणकोणची, एक वाळपईचा, दोघे मडगावकडचे, एक पेडण्याचा आणि मी साखळी गावाजवळची. तेव्हा मला ते वेगळं काढल्यासारखं वाटलं होतं.

साखळीकडच्या घरात मुलगी डिप्लोमाला का गेली हे गोव्यात फारसं समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बाबा खाणीच्या टिपर ट्रकांच्या गॅरेजमध्ये फिटर होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी मराठी प्राथमिक शाळेत होते. आमच्या रस्त्यावरचा लाल चिखल अचानक कमी झाला याचाच मला आनंद झाला होता. घरात काय चाललंय हे मोठ्यांच्या तोंडावरून कळायचं, बोलण्यातून नाही. मधे काही काळ खाणी थोड्या सुरू झाल्या. मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि ट्रक पुन्हा घरासमोर ताडपत्री घालून उभे राहिले. मी नववीत होते. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला तेव्हा हिशेब सोपा होता. डिप्लोमा केला की तीन वर्षांत हातात नोकरी. बारावी केली की हातात फक्त बारावी.

मेकॅनिकल मी घेतलं ते बाबांच्या गॅरेजमुळे. ‘मुलगी असून मेकॅनिकल’ यावर एक स्वतंत्र लेख होईल, पण तो लिहायचा मला कंटाळा येतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी करोना आला आणि लेथ कसा चालवतात ते आम्ही मोबाईलवर पाहिलं. वर्कशॉप उघडल्यावर ती कसर भरून काढली. डिप्लोमानंतर एक वर्ष बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपमध्ये काम केलं. बुश, स्पेसर, छोटे शाफ्ट. दिवसभर कान आणि बोटं कामाला. तिथल्या वयस्क टर्नरने मला मायक्रोमीटर न बघता, नुसतं बोट फिरवून जॉबचा टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतं होत जाणं, ओळखायला शिकवलं. नोकरी वाईट नव्हती. पण ड्रॉइंग वरून यायचं आणि आम्ही ते करायचो. त्या ड्रॉइंगवर एखादं माप तेच का, दुसरं का नाही, हे विचारलं की उत्तर यायचं, ‘डिझाइनवाल्यांनी दिलंय.’ ते डिझाइनवाले आम्हाला कधी दिसले नाहीत. मला त्यांच्या बाजूला जायचं होतं, एवढंच.

फर्मागुडीच्या टेकडीची थोडी ओळख करून द्यायला हवी. आमचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ चं, मुक्तीनंतर सहा वर्षांत सुरू झालेलं. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आलं, त्याआधी इथल्या मुलांना मुंबई विद्यापीठाची पदवी मिळायची. त्यामुळे फोंड्यात अजूनही असे वयस्क इंजिनिअर भेटतात, जे आपण ‘मुंबई युनिव्हर्सिटी’चे असल्याचं आवर्जून सांगतात, शिकलेले मात्र आपल्याच गावात असतात. २०१० मध्ये एनआयटी याच आवारात सुरू झाली, पुढे ती कुंकळ्ळीला आपल्या जागेत गेली. २०१६ पासून आयआयटीचे वर्गही इथेच भरतात. परिणाम असा, की फर्मागुडीला उतरायला बसच्या दाराशी उभं राहिलं की कंडक्टर विचारतो, “आयआयटीक वता गो?”

“ना. तिच्या शेजारी.”

एकदा एक आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, “शेजारी म्हणजे काय, तिथलं कँटीन?” अख्खी बस हसली. मीही हसले, पण म्हार्दोळपासून सुरू झालेला पाऊस आणि भिजलेली ड्रॉइंगची नळी हातात असताना जेवढं हसता येतं तेवढंच.

घरून येणं म्हणजे साखळी, आमोणे, खांडोळा, माशेल, तिथे बस बदलायची, मग बाणस्तारी, मंगेशी, म्हार्दोळ आणि चढ चढून फर्मागुडी. कदंबचा विद्यार्थी पास होता, पण पास असून उपयोग काय, समोर नेहमी खाजगी बस यायची. श्रावणातल्या पावसात माशेलच्या थांब्यावर अर्धा-पाऊण तास गेला की पहिला तास बुडायचा. आणि पहिला तास गणिताचा होता.

आता गणिताकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

डिप्लोमाच्या मुलांचं बेसिक कच्चं असतं असं आमच्या तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ते हवेत असतं. मला ते वाक्य अपुरं वाटतं. डिप्लोमात आम्ही गणित शिकलो नाही असं नाही. विकलन, संकलन, मॅट्रिक्स, सगळं होतं. फक्त ते ‘वापरायला’ शिकवलं होतं. सूत्र दिलं, किमती घातल्या, उत्तर आलं. पदवीच्या पहिल्या वर्षात पोरं दोन सत्रं भरून गणित करतात आणि तिसऱ्या सत्रापासून सगळेच विषय ते गृहीत धरून चालतात. त्यात कोणाचा दोष नाही, अभ्यासक्रमाची रचनाच तशी. आम्ही ते वर्ष ओलांडून आलो, म्हणून ते वर्ष आम्हाला येतं असं कोणी समजत नाही. पण ते कुठेतरी भरून काढा असंही वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

मला हे कळलं थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला. फळ्यावर एक वाकडा ‘डी’ आला. सरळ डी मला माहीत होता. हा वरून वळलेला, लाजल्यासारखा डी पहिल्यांदाच बघत होते. सर पुढे गेले, दाब कायम ठेवून तापमान बदललं तर अमुक, तापमान कायम ठेवून दाब बदलला तर तमुक. पूर्ण वर्ग लिहीत होता. काणकोणच्या मुलीने माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘हें कितें?’ मी खाली लिहिलं, ‘म्हाका खबर ना.’ आमची मैत्री तिथून सुरू झाली.

तो आंशिक विकलनाचा डी. कल्पना फार अवघड नाही. एखादी गोष्ट दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असेल, तर बाकीच्या गोठवून ठेवायच्या आणि एकच हलवून बघायची. बेतोड्याला मी वर्षभर तेच केलं होतं. स्पीड तोच, कटची खोली तीच, फक्त फीड बदल आणि फिनिश बघ. पण हे त्या दिवशी कोणी सांगितलं नाही आणि मला स्वतःहून सुचलं नाही. लायब्ररीतलं जाडजूड गणिताचं पुस्तक काढून पहिल्या वर्षाची प्रकरणं एकटीने वाचायला घेतली. पुस्तकातून गणित एकटीने शिकणारी माणसं असतात, मी त्यातली नाही हे आठवडाभरात कळलं. मग एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची ऑनलाइन, व्याख्यानं रात्री दीडपट वेगाने लावून बघितली. त्याचा थोडा उपयोग झाला, झोपेसाठी जास्त.

उपयोग झाला तो लेथमुळे.

मशीन शॉपच्या प्रॅक्टिकलला एकदा आमची बॅच आणि दुसरी एक बॅच एकत्र आली. पर्वरीचा एक मुलगा, वर्गातल्या पहिल्या पाचातला, लेथवर टर्निंग करत होता. मशीन ओरडत होतं. ज्याने कधी लेथ चालवला नाही त्याला सगळेच आवाज सारखे वाटतात, पण टूल थरथरायला लागलं की जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो माझ्या दातात शिरतो. जॉबवर बारीक लाटा उठत होत्या. तो स्पीड कमी करून बघत होता, कट कमी करून बघत होता. मी काही वेळ गप्प राहिले. वर्गात मी गप्पच राहायला शिकले होते. शेवटी राहवलं नाही.

“टूल किती बाहेर काढलंयस बघ. आत घे ते.”

त्याने बघितलं. टूलपोस्टच्या बाहेर बोटभर टूल लोंबत होतं. टूलच्या उंचीच्या साधारण दीडपटीहून जास्त बाहेर ठेवायचं नाही, असं आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि बेतोड्याला त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या होत्या. त्याने टूल आत घेतलं, सेंटरला उंची परत जुळवली, मशीन सुरू केलं. आवाज गेला.

तो थोडा वेळ जॉबकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हां. घन आहे ना लांबीचा.”

“काय?”

“कँटिलिव्हर आहे ते. एका टोकाला धरलेलं, दुसऱ्या टोकावर भार. वाकणं लांबीच्या घनात जातं. लांबी दुप्पट केली की आठपट वाकणार.”

मी वर्षभर रोज जे हाताने केलं त्याचं कारण त्याने एका वाक्यात सांगितलं, आणि जे कारण त्याला पाठ होतं ते समोर लोंबताना त्याला दिसलं नव्हतं. दोघांनाही एकाच वेळी थोडी लाज वाटली असावी, कारण नंतर आम्ही दोघंही फार वेळ टूलपोस्टचे नट आवळत बसलो.

तिथून देवाणघेवाण सुरू झाली. प्रॅक्टिकल संपलं की कँटीनमध्ये मिरची भजी आणि पाव, एका बाजूला त्याची पहिल्या वर्षाची गणिताची वही. तो एक प्रकरण समजावणार. बदल्यात मशीन ड्रॉइंगची असेंब्ली मी समजावणार, कारण स्क्रू जॅक आतून कसा दिसतो हे मला डोळे मिटूनही दिसायचं आणि त्याला शीटवरच्या रेघा दिसायच्या. मग आमच्या सहा जणांतले बाकीचेही यायला लागले. मडगावचे दोघे इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये मोटर उघडून दाखवण्यात पटाईत निघाले. शेवटच्या बॅचला हाताने काम येतं ही बातमी पसरली आणि पुढच्या सबमिशनपर्यंत आमच्या टेबलाशी गर्दी व्हायला लागली. राग होता त्या यादीचा, तो तेव्हा गेला. आम्ही सहा जण सहा वेगळ्या बॅचमध्ये विखुरलो असतो तर प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात गप्प राहिला असता.

चवथीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बॅगेत स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची वही होती. सुट्टीनंतर लगेच चाचणी.

डिप्लोमात एक सूत्र आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई, तिच्यावर सगळीकडे सारखा पसरलेला भार, तर मध्यभागी ती किती झुकेल? पाच बाय तीनशे चौऱ्याऐंशी, गुणिले भार, गुणिले लांबीचा चौथा घात, भागिले ई आय. ई म्हणजे ती वस्तू कशाची बनली आहे त्याचा ताठपणा, आय म्हणजे तिच्या आडव्या छेदाचा आकार. इथपर्यंत ठीक. पण हे ३८४ कुठून आलं, हा प्रश्न मला तीन वर्षांत पडला नव्हता. पाठ असलेल्या गोष्टीला प्रश्न पडत नाहीत. चाचणीत नेमकं तेच काढून दाखवायचं होतं.

घरी माटोळी बांधायचं काम चाललेलं. ज्यांनी गोव्यातली चवथ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, गणपतीच्या वर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातली फळं, भाज्या, रानातली फळं बांधतात. शहाळी, नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगण, आंबाडे, कवंडळं. आमची माटोळी लांब आहे, कारण आजोबांच्या वेळी चार भावांचं घर एक होतं. बांधून झाली की तिची लांब पट्टी दरवर्षी मध्ये झुकते आणि बाबा दरवर्षी मधोमध एक तार वाशाला बांधतात. मी सोप्यावर वही घेऊन बसले होते. समोर दोन्ही टोकांना टेकलेली तुळई, तिच्यावर सगळीकडे कमीजास्त सारखा पसरलेला भार. याहून उघड उदाहरण कोणी काय देणार.

कागदावर घेतलं. वाकवणाऱ्या आघूर्णाचं समीकरण लिहिलं आणि पर्वरीवाल्याने शिकवल्याप्रमाणे दोनदा संकलन केलं. दोन स्थिरांक आले. त्यांच्या किमती कशा काढायच्या? दोन्ही टोकं टेकलेली आहेत, तिथे झुकणं शून्य. तेवढी एकच गोष्ट पुरते. एक स्थिरांक शून्य निघाला, दुसऱ्याच्या खाली २४ आले. मग मधोमधची जागा, म्हणजे अर्धी लांबी, समीकरणात घातली. तीन पदं उरली. एकाच्या छेदात ९६, दुसऱ्याच्या ३८४, तिसऱ्याच्या ४८. समान छेद केला. वर राहिलं चार वजा एक वजा आठ.

उणे पाच. खाली ३८४. उणे म्हणजे खालच्या दिशेला.

मी उठून ओसरीत एक फेरी मारली. हे कोणाला सांगायचं? आई नेवऱ्या तळत होती. बाबा स्टुलावर चढून तार बांधत होते. त्यांनाच विचारलं, “तार मधेच का बांधता?”

“मधी झुकता म्हणून.”

“एक तार दिल्यावर किती फरक पडतो?”

“मस्त पडता.”

मी सांगितलं, लांबीचा चौथा घात आहे. मधे आधार दिला की लांबी अर्धी, अर्ध्याचा चौथा घात सोळावा हिस्सा. आणि पट्टी मधे तुटलेली नाही, सलग आहे, म्हणजे त्याहूनही कमी झुकणार. बाबांनी ऐकून घेतलं, तारेला शेवटचा पीळ दिला आणि म्हणाले, “मग दोन तारी घालूंया?” फिटर माणूस. गणित पटलं की लगेच पुढचं काम. आम्ही दोन तारा घातल्या. काकांनी विचारलं, यंदा दोन का, तर बाबा म्हणाले, “चेडवान हिशेब केला.” चेडू म्हणजे मुलगी. चाचणीत मला किती गुण पडले ते आता आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

चवथीनंतर मी बांदोड्याच्या बाजूला खोली घेतली. रोजच्या बसने जाऊन शिकणं मला जमेना. घरमालकीण काकी, त्यांचा मुलगा मस्कतला. फार्मसीची एक मुलगी आणि मी. काकींचा नियम एकच, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की ज्याने पहिल्यांदा ऐकला त्याने खाली जाऊन उंडे घ्यायचे. फार्मसीवालीला कधीच ऐकू यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं लोणचं आपोआप दाराशी यायचं. “इंजिनिअर, पेज थंड जाता,” अशी हाक. इंजिनिअर व्हायला अजून अडीच वर्षं होती, पण काकींना तो तपशील महत्त्वाचा वाटत नव्हता. परीक्षेच्या सकाळी त्या गोपाळ गणपतीला जाऊन ये म्हणायच्या. तिथे गेलं की कळायचं, अर्धं कॉलेज तिथेच आहे. दारात चपला शोधताना पेपरला उशीर व्हायचा.

खोलीवर राहण्याचा मोठा फायदा अभ्यासाचा नव्हता. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर लगेच बस पकडायची घाई संपली. वर्गातली मुलं खरी कळतात ती पाचनंतर, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या बाजूने टेकडी उतरून फोंड्याकडे चालत जाताना. बसने येणाऱ्या मुलाला वर्ग फक्त नऊ ते पाच भेटतो. आधीच एक वर्ष उशिरा आलेल्याला तेवढ्यावर भागत नाही. घरची अडचण नसेल तर पहिल्या सत्रापुरती तरी जवळ खोली घ्या, एवढं मी नव्या लॅटरलवाल्यांना सांगते. पैशांची ओढाताण मला माहीत आहे, तरी सांगते.

आणखी एक सांगते, ते त्यांना पटत नाही. डिप्लोमा झालाय हे लपवू नका. काही मुलं पहिल्या महिन्यात असं वागतात, जणू तीही बारावी करूनच आली आहेत. कशाला? वर्गात ज्याला आटे पाडायचा टॅप तुटल्यावर तो भोकातून कसा काढायचा हे माहीत आहे तो तुम्हीच असता. पण त्याचबरोबर ‘थिअरीचा काही उपयोग नसतो, हातात कला पाहिजे’ असं म्हणणाऱ्या आमच्याच काही मंडळींचाही मला कंटाळा आला आहे. बेतोड्याच्या त्या टर्नरइतके कसलेले हात मी नंतर कुठे पाहिले नाहीत. त्यांनाही ‘डिझाइनवाल्यांनी दिलंय’ यापुढे जायला कोणी दिलं नव्हतं. ते स्वतःच मला म्हणाले होते, जा, शिक, आणि मग आम्हाला मापं नीट दे.

गणित मला आजही सहज येत नाही. तिसऱ्या सत्राचं गणित, एम-थ्री, सुटलं, पण काठावर. वेगळं एवढंच झालं, की वाकडा डी दिसला तर आता पोटात गोळा येत नाही, आणि एखादं सूत्र पाठ झालं की ते कुठून आलं हे एकदा तरी काढून बघितल्याशिवाय झोप लागत नाही. दुसरी सवय जास्त त्रासदायक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तर फारच.

आता शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चालू आहे. सत्तरी तालुक्यात आमच्या नात्यातल्या लोकांच्या काजूच्या बागा आहेत. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून फेणीसाठी रस काढायला मार्च-एप्रिलमध्ये माणसं मिळत नाहीत, आणि ज्यांना मिळतात त्यांच्या गुडघ्यांचं काय होतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण कुंडीत उतरून बोंडू तुडवणाऱ्याचे पाय तेच राहिले. आम्ही चौघं मिळून एक लहान स्क्रू प्रेस बनवतोय, जी दोन माणसांना उचलून बागेत नेता येईल. काजूचा रस आम्लधर्मी, म्हणून रस लागेल तो भाग स्टेनलेस स्टीलचा. तेवढ्यानेच बजेटची वाट लागली आहे.

कामं वाटून घेताना मला वाटलं होतं लेथ माझ्याकडे येणार. पण चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी फ्रेमचं आणि स्क्रूचं गणित माझ्यावर टाकलं. कारण काय, तर मी प्रत्येक सूत्राला ‘हे कुठून आलं’ विचारते, म्हणजे चूक राहणार नाही. आणि लेथवरचं काम पर्वरीवाल्याने मागून घेतलं. दोन वर्षांत तो बरा हात चालवायला शिकलाय, मान्य करायला हवं. टूल आता बाहेर लोंबत नाही.

परवा त्याने पहिला बुश टर्न करून आणला. आतला व्यास मी सांगितला त्याहून पाच शतांश मिलिमीटर मोठा. शाफ्ट त्यात खडखडतोय. तो म्हणतो, चालेल, काजूचं बोंडूच दाबायचंय. मी म्हटलं, चालणार नाही, माप किती चुकलेलं चालेल तो टॉलरन्स ड्रॉइंगवर लिहिलाय. “कोणी लिहिलाय?” म्हणाला. मी लिहिलाय. सोमवारी तो दुसरा बुश करणार आहे. मी मशीनपासून चार हात लांब उभी राहायचं ठरवलंय. हात लावणार नाही, फक्त आवाज ऐकेन.